तेरा मरणांची नटी

गोडेलीव फान्टोरे सिनेमात गेली ती बहिणीच्या हौसेपायी. तिला स्वतःला सिनेमाचं काडीचं वेड नव्हतं. वेड होतं ते झुल्माला, तिच्याहून चार वर्षांनी मोठ्या बहिणीला.

ओस्टेंडच्या मच्छीबंदरामागच्या गल्लीत, दोन खोल्यांत तिघी राहायच्या. आई इर्मा आणि या दोघी पोरी. बाप आइसलँडकडच्या पाण्यात मासेमारीला जायचा. एकोणीसशे सत्तावन्न साली बोट परत आली, बाप आला नाही. लाटेनं डेकवरून उचलून नेला, एवढंच कळलं. तेव्हापासून इर्मा घरी कोलंबी सोलायला आणू लागली. बोटाच्या पेराएवढी करडी कोलंबी, बोटीवरच उकडलेली, गोणीच्या गोणी. तिघी टेबलाभोवती बसून सोलायच्या. झुल्माचे हात चालायचे तसं तोंडही चालायचं. पलंगावरच्या भिंतीवर तिनं मासिकांतल्या नट्यांची चित्रं चिकटवली होती. त्यांची लग्नं, घटस्फोट, कुत्र्यांची नावं, सगळं तिला पाठ. आरशासमोर उभी राहून ती डोळ्यांत पाणी आणायचा सराव करायची.

"लीव, बघ ना, आलं का?"

धाकटीला घरात लीवच म्हणायचे. लीव बघायची आणि "आलं," म्हणायची, आलेलं नसलं तरी.

इर्मा मात्र मान वर न करता म्हणायची, "तुझ्या दातांना आधी घेतील सिनेमात. जागा उरली तर मग तुला."

झुल्माचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढले होते. त्यामुळे ती हसताना ओठ मिटून हसायची.

एकोणसत्तरच्या ऑक्टोबरात पॅरिसहून ऑनोरे व्हासेल नावाचा दिग्दर्शक आला. स्वस्तातले भयपट काढायचा तो. गावकरी म्हणून उभ्या करायला त्याला बंदरातल्या बायका हव्या होत्या. झुल्मा तेव्हा लोकरीच्या दुकानात विक्रेती होती. तिनं रजा टाकली, आईचा एकुलता एक चांगला कोट घातला आणि लीवला हाताला धरून ओढत नेलं. "एकटी गेले तर आई तंगडी मोडेल माझी. तू नुसती शेजारी उभी राहा."

लिलावाच्या शेडमध्ये चाळीसेक बायका रांगेत उभ्या होत्या. व्हासेल सिगारेट ओढत रांगेवरून चालत गेला, सकाळी त्याच जागी मासे बघत गिऱ्हाईक चालतं तसा. झुल्मापाशी तो थांबलाही नाही. लीवपाशी थांबला. दोन बोटांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"ही."

सोबतचा माणूस म्हणाला, "साहेब, हिला फ्रेंच धड येत नसेल."

"बोलायचं कुठंय तिला?" व्हासेल म्हणाला. "मरायचंय."

दोघेही हसले. लीवला तेवढं फ्रेंच कळत होतं, पण ते हसले म्हणून तीही हसली. झुल्माही हसली, ओठ मिटून.

इर्मानं एकच अट घातली. पोरगी एकटी जाणार नाही, मोठी बरोबर राहील. व्हासेलनं झुल्माच्या हाती एक फणी आणि एक टॉवेल दिला. लीवचे केस विंचरायचे आणि प्रसंग संपला की तिला पुसायचं, हे तिचं काम. लोकरीच्या दुकानातली नोकरी झुल्मानं त्याच दिवशी सोडली.

सिनेमाचं नाव होतं 'मिठाची विधवा'. गोष्ट अशी, की एका मीठवाल्याची विधवा चेटकीण आहे असं गावाला वाटतं आणि गाव तिला भरतीच्या वेळी किनाऱ्यावर गळ्यापर्यंत पुरतं. पडद्यावर लीवचं नाव असणार होतं लिया नॉर. गोडेलीव हे नाव फ्रेंच जिभेवरून घरंगळतं, असं व्हासेलचं म्हणणं.

पुरायचा प्रसंग ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी घेतला. वारा असा होता की कॅमेऱ्याच्या पायांना वाळूच्या पिशव्या बांधाव्या लागल्या. व्हासेलनं तिला समजावलं, "पाणी हनुवटीला लागलं की मी हात खाली करीन. दोन माणसं फावडी घेऊन तयार आहेत. तू फक्त समुद्राकडे बघ."

लीव कोळ्याची पोर. तिनं विचारलं, "भरती पुरी किती वाजता होते, ते पाहिलंत ना?"

"पोरी, भरतीचं मी बघतो. तू चेहऱ्याचं बघ."

तिचे हात मागे बांधले, तिला खड्ड्यात उभं केलं आणि वाळू लोटली. ओली वाळू बसली की सिमेंटसारखी बसते. श्वास अर्धाच आत जाऊ लागला. आधी पाण्याचे पातळ पापुद्रे आले, मग फेस, मग खांद्याला गार धक्के. पाणी हनुवटीला लागलं. लीवनं व्हासेलकडे पाहिलं. त्याचा हात वरच होता. पुढच्या लाटेनं तोंड भरलं. हात वरच. त्यानंतरची लाट डोक्यावरून गेली. ती ओसरली तेव्हा लीवनं कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही, फावडीवाल्यांकडेही नाही. वीस पावलांवर पांढरा टॉवेल घेऊन झुल्मा उभी होती. लीवनं तिच्याकडे पाहिलं आणि होता नव्हता तेवढ्या श्वासानं बहिणीचं नाव घेऊन किंचाळली. नाव पुरतं निघालंही नाही. शेवटचा भाग पाण्यात गेला.

तिला उकरून बाहेर काढलं तेव्हा ती निळी पडली होती. वाळूवर पालथी पडून ती समुद्र ओकत होती आणि भोवती माणसं टाळ्या वाजवत होती. व्हासेलनं तिच्या कपाळाचा मुका घेतला. डाव्या कानाचा पडदा त्या दिवशी गेला तो गेलाच.

व्हासेलची माणसं उतरली होती त्या हॉटेलच्या खोलीत झुल्मा तिचे पाय चोळत रडत होती. "मी धावत होते गं लीव. त्या दोघांनी धरून ठेवलं मला. हे बघ." तिनं बाही वर केली. दंडावर बोटांचे लालभडक वळ होते.

लीवनं ते वळ पाहिले आणि बहिणीच्या गळ्यात पडली. त्या दिवसापासून तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. जगात आपल्यासाठी धावणारं एकच माणूस आहे.

पुढच्या दहा वर्षांत लिया नॉरनं चौदा सिनेमे केले. तेरांत ती मेली. भोसकली गेली, जळाली, भिंतीत चिणली गेली, रक्तपिपासू तिला दोनदा चावले, एकदा अस्वलानं फाडली. अस्वलाच्या कातड्यात मार्सेयचा एक दारुडा होता आणि तो खरंच चावायचा. चौदाव्यात ती मेली नाही, कारण पहिल्या प्रसंगापासून ती प्रेतच होती. दोन आठवडे थंडगार संगमरवरावर उघडी पडून होती आणि भोवती डॉक्टरांची कामं करणारे नट जेवणाच्या गप्पा मारत होते.

तिचा आवाज मात्र कुणी कधी ऐकला नाही. तिचं बोलणं ऐकून व्हासेलनं पहिल्याच आठवड्यात नाक मुरडलं होतं. "मासेबाजाराचा वास येतो त्याला." तिचे संवाद पॅरिसमधली एक दुसरीच बाई म्हणायची. लिया नॉर पडद्यावर बोलायची ते त्या बाईच्या तोंडून, किंचाळायची तेवढं स्वतःच्या. पुढं तेही तिचं राहिलं नाही. किनाऱ्यावरची ती किंचाळी इतकी जमून आली होती, की व्हासेल ती आपल्या दुसऱ्या सिनेमांतही वापरू लागला. एकदा लीव पॅरिसच्या एका थिएटरात बसली होती. पडद्यावर सोनेरी केसांच्या एका मुलीवर कुऱ्हाड उगारली गेली, मुलीनं तोंड उघडलं, आणि लीवला स्वतःचा आवाज ऐकू आला. तिच्या बहिणीच्या नावानं. थिएटरात कुणीतरी खूश होऊन शिट्टी मारली. ती उठून बाहेर गेली आणि फूटपाथवर ओकली.

झुल्मा सगळीकडे बरोबर असायची. फणी, टॉवेल, थर्मासमध्ये कॉफी. इतर नट्या तिला मोलकरीण समजायच्या आणि ती त्यांना दुरुस्त करायची नाही.

एकोणऐंशीत व्हासेलनं लीवला जेवायला बोलावलं. वासराचं मटण मागवलं, स्वतःच्या हातानं तिच्या ग्लासात वाइन ओतली आणि म्हणाला, "तू संपलीस, पोरी."

"एकोणतीस वर्षांची आहे मी."

"वयाचं नाही. तुझा चेहरा आता मरायला घाबरत नाही. कॅमेऱ्याला कळतं ते." मग त्यानं वेटरला चीज आणायला सांगितलं.

बहिणी ओस्टेंडला परतल्या. झुल्माला लोकरीच्या दुकानात पुन्हा घेतलं, ज्या मुलीला तिनं काम शिकवलं होतं तिच्या हाताखाली. लीव समुद्रावरच्या एका हॉटेलच्या धोबीखान्यात लागली. दोन वर्षांनी तिनं फर्मिनशी लग्न केलं. किनाऱ्यावरची ट्राम चालवायचा तो, कमी बोलणारा, स्वच्छ नखांचा माणूस. लग्नाआधी तिनं त्याला सगळं सांगितलं होतं आणि तो म्हणाला होता, "सिनेमा म्हणजे सिनेमा." पण एका सकाळी ट्रामच्या डेपोत नोटीस बोर्डावर लिया नॉर लागली, संगमरवरावर पडलेली, अंगावर सूत नाही. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'फर्मिनची बायको, शेवटचा थांबा.' फर्मिननं तो कागद काढून घडी करून घरी आणला, ताटाशेजारी ठेवला आणि जेवला. त्यानंतर नऊ वर्षं तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. मग एक दिवस बदली मागून दुसऱ्या गावी निघून गेला. जाताना म्हणाला, "मारलं तर नाही ना तुला कधी?" जणू तेवढ्यासाठी आभार मानायचे होते.

चौऱ्याण्णवमध्ये इर्मा गेली आणि दोघी बहिणींनी मिळून तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट नव्हती, पण खिडकीतून समुद्र दिसायचा. झुल्माचे गुडघे गेले तशी लीव तिला अंघोळ घालायची, पायांना मलम चोळायची. शेजारीपाजारी म्हणायचे, एवढं कोण करतं हल्ली. लीव म्हणायची, "ती माझ्यासाठी धावली होती." झुल्मा तेव्हा विषय बदलायची. लीवला तो तिचा मोठेपणा वाटायचा.

दोन हजार अठराच्या वसंतात ब्रुसेल्सहून टिबो कासिए नावाचा माणूस जिने चढून आला. विद्यापीठात शिकवायचा, चाळिशीचा, दाढीवाला. त्यानं बाही वर केली. हातावर लिया नॉरचं तोंड गोंदलेलं होतं, वाळूतलं, आ वासलेलं.

"मादाम," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले, "तुम्हाला कल्पना नाही, तुम्ही आमच्यासाठी काय आहात."

त्यांच्या महोत्सवात 'मिठाची विधवा' नव्यानं साफ करून दाखवणार होते. व्हासेल सत्याऐंशीचा झाला होता, त्याचा सत्कार होता. लीवनं यावं, दोन शब्द बोलावेत.

झुल्माचा चेहरा पडला. "कशाला जायचं त्या म्हाताऱ्या कोल्ह्याकडे? जीव घेत होता तुझा."

"माणसं बोलावतायत मला, झुल्मा. अडतीस वर्षं चादरी धुतल्या मी."

"मग जा. पण मला नेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मात्र झुल्माच म्हणाली, "येते मी. तुला एकटीला नाही पाठवायची." तिनं केस सेट करून घेतले, आणि दीड वर्षापूर्वी बसवलेली वरच्या दातांची कवळी रात्रभर सोड्यात ठेवली.

ब्रुसेल्सच्या त्या थिएटरात तीनशे माणसं होती. बरीचशी तिशीच्या आतली, काळ्या कपड्यांतली. लीव आत आली तेव्हा सगळी उठून उभी राहिली. झुल्माला पहिल्या रांगेत बसवलं. सिनेमा झाला, दिवे लागले, मंचावर तीन खुर्च्या मांडल्या. व्हासेलला दोघांनी धरून आणलं. हात थरथरत होते, पण जीभ शाबूत होती.

टिबोनं माइक घेतला. "आवाज साफ करताना एक गंमत लक्षात आली. ती सुप्रसिद्ध किंचाळी... आम्हाला वाटायचं ती नुसती किंचाळी आहे. पण आता नीट ऐकली तर त्यात शब्द आहे. झुल्मा. हे काय आहे, मादाम? एखादी देवता?"

लीव काही बोलायच्या आत व्हासेल खो खो हसला. "देवता कसली! बहीण आहे हिची. ती बघा, बसलीय तिथं." सगळ्या माना वळल्या. "अहो, तो तर माझा सगळ्यात भारी डाव. मला खरी भीती हवी होती. म्हणून आदल्या दिवशी जेवताना मी बहिणीला सांगून ठेवलं, उद्या ती तुला हाक मारेल. तू जायचं नाहीस. नाही गेलीस तर पुढच्या सिनेमात तुला घेतो."

सभागृहात हशा पिकला.

"आणि धरून कुणी ठेवलं होतं तिला?" लीवनं विचारलं. माइक तिच्या हातात नव्हता, पण पहिल्या काही रांगांना ऐकू गेलं.

"धरून?" व्हासेल म्हणाला. "कुणी नाही. टॉवेल घेऊन उभी होती, शिपायासारखी. इतकी शिस्तीची बाई मला जन्मात मिळाली नाही."

"मग घेतलंत का तिला?"

"कॅमेऱ्यासमोर बसवली होती दोन मिनिटं. पण काय करणार, ते दात!"

पुन्हा हशा. टाळ्या. लीव बहिणीकडे बघत होती. झुल्मा मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून समोरच्या पडद्याकडे बघत होती, जणू सिनेमा अजून चालू आहे.

मागून कुणीतरी ओरडलं, "मादाम, किंचाळा ना एकदा!" मग दुसरा, मग सगळे. तीनशे माणसं ठेक्यात टाळ्या वाजवू लागली. टिबोनं ओशाळून, पण आशेनं तिच्याकडे पाहिलं आणि माइक पुढं केला.

लीव उठली. माइक घेतला.

"किंचाळी माझी नाही," ती म्हणाली. तिचा खरा आवाज त्या लोकांनी पहिल्यांदाच ऐकला होता, आणि तिच्या उच्चारांवर दोनचार जण खुदकन हसले. "नाव जिचं, किंचाळी तिची. सिनेमात यायचं होतं ते तिला. पन्नास वर्षं थांबलीय बिचारी. वर बोलवा तिला."

"लीव, नको," झुल्मा खालून म्हणाली.

पण दोन तरुण आधीच तिच्या दोन्ही दंडांना धरून तिला उठवत होते, अगदी प्रेमानं. पाच पायऱ्या चढायला तिला जितका वेळ लागला, तेवढा वेळ टाळ्या चालूच होत्या. मंचावर दिवा तिच्या तोंडावर आला. लीवनं स्वतः माइक तिच्या ओठांशी धरला.

"चल झुल्मा. तोंड उघड."

बहात्तर वर्षांची झुल्मा उभी होती. तिनं एकदा बहिणीकडे पाहिलं, मग त्या काळ्या कपड्यांतल्या गर्दीकडे. सगळे तिच्याकडेच बघत होते. आणि तिनं खरंच तोंड उघडलं. बाहेर पडला तो बारीक, फाटका आवाज, कोंबडीची मान धरल्यासारखा, आणि मध्येच वरची कवळी निसटून खाली आली. तिनं ती हातानं सावरली.

लोक हसून हसून लोळले. त्यात कुणी वाईट हेतूनं हसलं नाही. बऱ्याच जणांनी मोबाइलवर टिपून घेतलं. व्हासेल डोळे पुसत म्हणाला, "मी बरोबर होतो!"

परतीच्या गाडीत डब्यात दोघीच होत्या. ब्रुग्ग स्टेशन गेलं तेव्हा लीव बोलली.

"ते वळ?"

"माझेच. हॉटेलच्या दारापाशी दंड आवळून धरला. बोटं रुतवली."

"किती वेळ उभी होतीस?"

"मी मोजत होते," झुल्मा म्हणाली. "शंभरापर्यंत मोजायचं आणि धावायचं, असं ठरवलं होतं मी. खरंच ठरवलं होतं. शंभर झाले. मग म्हटलं, दीडशे."

"किती झाले?"

"दोनशे बारा."

"मग धावलीस?"

"नाही. मग त्यांनीच काढलं तुला."

तिकीट तपासनीस तिकिटं बघून गेला. झुल्मानं पर्समधून गोळ्यांची पुडी काढली, एक गोळी घेतली, एक पुढं केली. लीवनं घेतली नाही.

"मेली असतीस तर रडले असते मी, लीव," झुल्मा म्हणाली. "पण तुझ्या जागी मला घेतील का, हेही मनात आलं असतं. खोटं कशाला बोलू आता."

घरात पुढचे चार महिने दोघी एकाच टेबलावर जेवल्या. अंघोळीसाठी लीवनं नर्स लावली. मग एक दिवस कागद आणून झुल्मापुढं ठेवला. किनाऱ्यापासून आत, डिक्समाइडेच्या बाजूला शेतांत एक वृद्धाश्रम होता, तिथं जागा मिळाली होती.

"तू म्हणाली होतीस, मरेपर्यंत इथंच," झुल्मा म्हणाली.

"म्हणाले होते."

"समुद्र दिसतो का तिथून?"

"नाही. गाई दिसतात."

झुल्मानं सही केली. अक्षर शाळेतल्यासारखं वळणदार होतं.

लीव वर्षभर फिरकली नाही. मग आश्रमातून फोन आला की झुल्माबाईंना नव्या सपाता लागतील, पाय सुजतात. ती ट्रामनं आणि मग बसनं सपाता घेऊन गेली. दारातली काम करणारी मुलगी फार गोड बोलली.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"बहीण."

मुलीचा चेहरा गोंधळला. "पण त्यांची बहीण तर वारली ना? एकोणीस वर्षांची असताना, समुद्रात बुडून? त्या सांगतात ना नेहमी. आणखी एक होती का?"

लीव तशीच आत गेली. जेवणाच्या खोलीत खिडकीशी तीन म्हाताऱ्यांसोबत झुल्मा कॉफी घेत बसली होती. केस नीट सेट केलेले. लीव मागच्या टेबलाशी टेकली. चांगल्या कानाची बाजू तिनं तिकडे केली.

"...दोघांनी धरून ठेवलं मला," झुल्मा सांगत होती. "एक या दंडाला, एक या. मी ओरडतेय, चावतेय. आणि ती माझं नाव घेत घेत गेली पाण्याखाली. नाव पुरतंही झालं नाही. त्यानंतर मी सिनेमा सोडला."

"अरेरे," एक म्हातारी म्हणाली. "चांगली चाललेली तुमची कारकीर्द."

"चौदा सिनेमे," झुल्मा म्हणाली.

मग तिची नजर वर गेली. बराच वेळ दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. झुल्माच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. विनवणी होती का, तेही सांगता येत नव्हतं.

"या कोण, झुल्मा?" म्हातारीनं विचारलं.

लीवनं सपातांची पिशवी टेबलावर ठेवली.

"मी शेजारीण," ती म्हणाली. "आणि ही लोकर विकायची. दुकानात. सिनेमात ही टॉवेल धरायला होती. बुडाली ती मी."

तिघी म्हाताऱ्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. ओला रेनकोट, धोबीखान्यात सुजलेली लाल बोटं. मग एकीनं झुल्माच्या हातावर थोपटलं आणि हळूच म्हणाली, "लक्ष देऊ नका. आमच्या मजल्यावरही आहेत असल्या दोघी. आपण कोण तेच विसरतात."

दारातल्या त्या मुलीनं लीवला अदबीनं बाहेरपर्यंत पोचवलं, आणि घरचं कुणी न्यायला येणार आहे का, असं विचारलं.

वीस सालच्या फेब्रुवारीत झुल्मा झोपेत गेली. अंत्यविधीला अकरा माणसं होती. आश्रमातल्या त्या तिघी छोट्या बसनं आल्या होत्या. नंतर चर्चशेजारच्या सभागृहात नेहमीप्रमाणे कॉफी, हॅमचे पाव आणि मनुकांचा गोड पाव मांडला होता. तिघींपैकी जी बोलकी होती ती लीवच्या शेजारी येऊन बसली. तिनं लीवला ओळखलं नाही.

"सुटली बिचारी," ती पाव मोडत म्हणाली. "आता भेटेल तिला तिची धाकटी."

"धाकटी फार दुष्ट होती म्हणे," लीव म्हणाली.

"शू! मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"बरं," लीव म्हणाली. तिनं बाईच्या कपात कॉफी ओतली, मग स्वतःच्या, आणि लोणी इकडे सरकवायला सांगितलं.